शामोनीची ‘थोडी अवघड’ वाट

कंपनीने अविनाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सहा महिन्यांसाठी जिनिव्हाला पाठवलं आणि पाठोपाठ मीही रजा टाकून गेले. बॅगेत त्याच्या सांगण्यावरून दोर, माझ्या मर्जीने बाकरवडी. पहिल्याच शनिवारी बसने फ्रान्समधलं शामोनी गाठलं. डोंगर इतके अंगावर आलेले की बघून मान दुखली.

शनिवार पेठेतल्या आमच्या गिर्यारोहण क्लबात वाट किती अवघड याची श्रेणी ठरते ती सगळ्यात कठीण खडकावरून. आपल्याकडे उतरायचं दोरावरूनच, त्यामुळे उतार कोण मोजतो! श्रेणी जाहीर करतो पुढे चढणारा, आणि आपण चढलेल्या वाटेला अवघड म्हणणं म्हणजे नाक कापून घेणं. फ्रेंच लोक अख्खा दिवस मोजतात: लांबी, उंची, बर्फ, पडणारे दगड, उतरणं. आम्ही निवडलेली वाट त्यांच्या लेखी ‘पीडी’ (थोडी अवघड) होती.

“म्हणजे आपली सोपी,” अविनाश म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याची धाकटी बहीण मुक्ता क्लबातल्या तिघांना घेऊन इथेच येणार होती. आमच्या शब्दावर त्यांची तयारी ठरणार होती.

रेफ्यूजमध्ये (डोंगरावरचा निवारा) कांद्याचं सूप आणि दगडासारखा पाव मिळाला. तिथल्या बाईंनी बजावलं, ऊन चढायच्या आत परता. आम्ही मान डोलावली. पुणेकर मान डोलावतो आणि आपलंच खरं करतो.

खडक खरंच सोपा निघाला. माथ्यावर निवांत बसलो, बाकरवडी खाल्ली, फोटो काढले. उतरताना बर्फ भिजवलेल्या पोह्यांसारखा मऊ झाला होता. अविनाशचा पाय सुटला. मी बर्फाची कुऱ्हाड रोवून तिच्यावर आडवी पडले. आम्हा दोघांना जोडणारा दोर ताणला गेला आणि कड्याच्या जरा अलीकडे अविनाश थांबला. वर आल्यावर कपडे झटकत म्हणाला, काही नाही झालं. मला रडू आलं, संतापही आला. खाली पोचेपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

पुण्याला परतल्यावर क्लबात स्लाइड्स दाखवल्या. मुक्ताने श्रेणी विचारली. पुढे अविनाश चढला होता, बोलायचा मान त्याचा. खडक सोपा, असं म्हणून तो थांबला. तो गप्प राहिला तर मीच बोलणार होते. रीत गेली खड्ड्यात.

“पण वाट अवघड,” तो म्हणाला. “उतरताना मी घसरलो. हिने धरलं म्हणून इथे बसलोय.”

कुणी हसलं नाही. मुक्ता उठून माझ्याशेजारी येऊन बसली.

“वहिनी, तो घसरला तिथून सांग,” ती म्हणाली. “चढण नंतर.”