तुला मावेल एवढी वाटी

हे मी मराठीत लिहिते आहे, म्हणजे तुम्हा दोघांना सावकाश वाचावं लागेल. वाचा.

धाकट्या, तुझा तेव्हा जन्म झाला नव्हता. तुझी ताई साडेतीन वर्षांची होती. आईबाबा सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जात आणि ती दिवसभर कर्वेनगरला आमच्याकडे असे. ताई, आता तुझ्याशीच बोलते.

त्या वर्षी मला सुती दोरीच्या वाट्या शिवायचा नाद लागला होता. दोरीचं टोक गोल वळवायचं आणि वेढ्याला वेढा लावत मशीनवर नागमोडी टाका घालत जायचं. बूड हवं तेवढं झालं की ते डाव्या हाताने उभं धरायचं. मग पुढचे वेढे वर चढतात आणि वाटीला कड येते. किल्ल्या, बटणं, तुझे चिंचोके, प्रत्येकाला मी वाटी केली होती.

तुझ्या बाबाचं तुम्हा दोघींना घेऊन अमेरिकेला जाणं पक्कं झालं तेव्हा हातात बारा दिवस होते. "आई, तू नको म्हणालीस तर नाही जात," असं तो एकदा म्हणाला. त्याचं इंग्रजी मीच घोटून घेतलं होतं. नको कोणत्या तोंडाने म्हणणार? त्याला मी गरम कपड्यांची यादी करून दिली.

दुसऱ्या दिवशी तू माझ्यापाशी आलीस.

"आजी, मला मावेल एवढी वाटी कर. मी तिच्यात बसले की मला कुणी नेणार नाही."

करते म्हणाले.

रविवार पेठेतून जाड दोरीची मोठी गुंडी आणली. कोरं सूत भिजवल्याशिवाय मशीनला लावायचं नाही, ही माझ्या आईची शिस्त. मी ती तेव्हाही मोडली नाही. श्रावणातली दमट हवा. दोरी वाळायला पाच दिवस लागले. मी रोज तिला चाचपून बघत होते.

मग शिवायला बसले. तू दुपारी बुडाच्या त्या चकतीवर मांडी घालून बसायचीस. गुडघे बाहेर राहायचे, की मी आणखी वेढे घालायची. तुझे आजोबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "चार वेढे जास्तच घाल. मुलगा-सूनही बसतील." कुणी हसलं नाही. तेही हसले नाहीत.

निघायला दोन दिवस राहिले तेव्हा मी कड धरायला घेतली. बूड उभं राहीना. छोट्या वाटीला एक हात पुरतो. हे एवढं जड झालं होतं, की जरा हात ढिला पडला की आडवं व्हायचं आणि वेढा वर चढायच्या ऐवजी बाहेरच बसायचा. आजोबांनी दोन्ही हातांनी धरून पाहिलं. दोन सुया मोडल्या. चकती नुसती रुंद होत गेली.

"कड कधी येणार?" तू विचारायचीस.

उद्या, असं मी दोन्ही दिवस सांगितलं.

निघायच्या सकाळी गाडी खाली उभी होती. तू चकतीच्या मधोमध बसली होतीस, मांडीवर उरलेल्या दोरीची गुंडी. शिवलेलं आणि न शिवलेलं अजून एकच होतं. बाबाने तुला उचललं. तू गुंडी सोडली नाहीस. तो जिना उतरू लागला तशी दोरी उलगडत गेली, दारातून, पहिल्या वळणावरून खाली. मी चकती दोन्ही हातांनी धरून उभी होते.

"आजी, ओढ," तू खालून म्हणालीस.

तू रडत नव्हतीस. काम सांगावं तसं सांगितलंस.

दोरी ताणली गेली. मी मशीनवरची कात्री घेतली आणि चकतीजवळ दोरी कापली. टोक जिन्यावरून सरकत खाली गेलं. तू पुन्हा हाक मारलीस का, ते मला माहीत नाही. मी दार लावून घेतलं होतं.