पोट साफ ठेव म्हणे

रंजू, अक्षर वाकडं आहे, शब्दही चुकतील. चौथीनंतर हातात पेन फारसा आलाच नाही, राग मानू नको. फोनवर बोलले तर सगळं घर ऐकतं, म्हणून लिहिते. तू आता लग्न होऊन अमरावतीला जाणार आणि विचारतेस, ताई, चेहरा साफ राहायला काय खाऊ?

मी नांदगाव खंडेश्वरहून सासरी निघाले तेव्हा मायनं डब्यात भाकरी न् अंबाडीची भाजी दिली होती. जीपच्या खिडकीशी वाकून म्हणाली, "पोरी, उपाशी राहू नको वो." तेव्हा माझ्या चेहऱ्यावर एक डाग नव्हता.

अकोल्यात, जुन्या शहरातल्या या घरात, बायका मागून जेवतात आणि नवी सून सगळ्यांच्या मागून. चार वाजता उरलेला भात, वाळलेली पोळी. तोवर चहा-टोस्ट. संडास एकच, त्याचं दार बैठकीत. सासऱ्यांसमोरून जायची लाज, म्हणून मी पाणी पिणंच सोडलं. पोटाचा दगड झाला, गालभर फोड आले.

मग सगळेच डॉक्टर झाले. सासू म्हणे, "पोट साफ ठेव." दिरानं मोबाइलवर दाखवलं, दही खा, पपई खा. अरे, दही माझ्यापर्यंत उरतं का कधी? मोठ्या जाऊबाईंनी, मी न मागता, ओळखीच्या बाईकडून दोन हजारांची पावडर आणली. मला जुलाब लागले, फोड तसेच. वर टोमणे. "माह्या पैशाची पावडर गिळली, तरी थोबाड तसंच! आता मोर्शीच्या संत्र्याची सालं घास." सगळे हसले. माझा नवराही हसला.

ते हसू मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी तव्यावरची पहिली भाकरी ओट्याशी उभी राहून मीच खाल्ली.

"आमच्या आधी? काहून?" सासू ओरडली.

"भूक लागली," मी म्हटलं. तांब्याभर पाणी प्याले आणि सगळ्यांसमोरून संडासला गेले. कोणी मेलं नाही.

भाकरी खा, ताक पी, अंबाडी खा, रंजू. पण वेळेवर खा आणि तहान मारू नको. माझे फोड आता कुठे ओसरताहेत. भूक लागली असं मोठ्यानं म्हणता येतं, तेच घर. मायचं तसं होतं. हे मला भांडून करावं लागतंय.

पावडरीच्या टोमण्याचं तोंड बंद करायला मी फुलवाल्याचे हार ओवून पैसे फेडत होते. आज शेवटचे दोनशे जाऊबाईंच्या हातावर ठेवले. म्हटलं, "झाले पुरे दोन हजार. मोजून घ्या."