हातमशीन द्यायची न्हाई

मशीनच्या तेलाचा वास आला की कोरेगावचं घर आठवतं. साठ-बासष्टची गोष्ट. आई शिवणक्लास पुरा करून आली, तेव्हा वडिलांनी तिला पायमशीन घेतली आणि जुनी हातमशीन एका शिंप्याला द्यायचं ठरवलं. तोवर घरातले कपडे आत्या शिवायची. तिचे पाय लहानपणापासून अधू होते. नव्या मशीनकडं बघत ती हळूच म्हणाली, "आता माजं काय काम ऱ्हायलं?" शिंपी आला तेव्हा आई पुढं झाली. "आवं, हातमशीन द्यायची न्हाई. वन्सं शेजारी बसल्याबिगर मला शिवायला जमत न्हाई." त्या दिवाळीला दोघींनी दोन मशिनींवर माझं परकर-पोलकं शिवलं. आई घडीघडी विचारायची, "वन्सं, हे बराबर हाय का?" आत्या कौतुकानं दाखवायची. आईला सगळं येत होतं, हे मला आता कळतं.