दिलीपने उभा केलेला माणूस

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की मी एक खचलेला माणूस होतो आणि मला माझा ऑफिसमधला मित्र दिलीप याने उभे केले. ही बातमी मलाही त्याच्या पोस्टवरूनच समजली. पोस्टमध्ये माझे नाव नव्हते. मिशी मात्र होती, आणि आईच्या आजारपणात मी त्याच्यासमोर जेवता जेवता रडलो होतो, तेही होते. खाली लोक त्याच्या नेतृत्वगुणांना दाद देत होते. मोठे दिसायला शेजारी कुणी लहान लागतो, हे मान्य. पण त्यासाठी डब्यातला सोबतीच घ्यावा?

दुपारी दिलीपने नेहमीसारखी वांग्याची भाजी माझ्या डब्यात वाढली आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "सगळ्यांनी लाइक केलं रे, तूच तेवढं नाही केलंस."