दुसऱ्याच्या नावावरचा रक्तदाब

बस आगारातल्या त्या चालकाला सगळे शंकासुर म्हणत, आणि उगीच म्हणत नसत. तिशी नुकतीच ओलांडलेला माणूस, पण कोणी चहा पाजला तरी हा का पाजतोय याचा आधी विचार करायचा. साहेब हसून बोलले की याची झोप उडालीच.

त्यामुळे एका सकाळी विश्रांतीच्या खोलीत पडदा लावून तरुण चालक आणि मेकॅनिकांना कार्टून बघायला बसवलं, तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली. पडद्यावर गोल डोळ्यांचा एक तरुण होता. जागरणं करायचा, तंबाखू मळायचा, डोकं दुखलं की गोळी गिळून कामाला लागायचा. मग त्याच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी चोंदली, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला. पक्षाघात म्हाताऱ्यांनाच होतो असं समजू नका, वाढलेला रक्तदाब बऱ्याचदा कळतही नाही, म्हणून मोजून घ्या, असं चित्रातली डॉक्टरीणबाई सांगत होती. बाकीचे हसत होते. शंकासुराचं लक्ष त्या तरुणाच्या टोपीवर होतं. टोपी चालकाची होती.

व्हिडिओ संपला आणि बाहेरून आलेल्या सिस्टरने रक्तदाबाचं यंत्र काढलं. झालं! डाव त्याच्या ध्यानात आला. आधी घाबरवायचं, मग मोजायचं, आणि ज्याचा आकडा वर गेला त्याला गाडीवरून उतरवायचं. आगारात चालक जास्त झालेत अशी कुजबूज होतीच.

त्याचा मेहुणा तिथेच मेकॅनिक होता, अंगाने पैलवान. शंकासुराने त्याला कोपऱ्यात घेऊन ही सगळी बनवाबनवी समजावली, आपलं ओळखपत्र त्याच्या गळ्यात अडकवलं आणि आपल्या नावावर रांगेत बसवलं. ओळखपत्रावरचा फोटो इतका पुसट होता की कोणीही खपलं असतं.

सिस्टरने आकड्यांची यादी साहेबांकडे दिली आणि थोड्याच वेळात शंकासुराला निरोप आला. रक्तदाब भलताच वाढलाय, आज गाडी चालवायची नाही, ताबडतोब दवाखाना गाठा. तो तडक घरी गेला, पण दवाखान्याचं नाव नाही. बायकोपुढे त्याने तावातावाने सगळं सांगितलं. आपण यंत्राजवळ फिरकलोही नाही, तरी आपला रक्तदाब वाढलेला. म्हणजे आकडे घरूनच ठरवून आणले होते, नाही का?

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"मग हात कोणाचा होता?"

"तुझ्या भावाचा," तो म्हणाला.

"महिनाभर डोकं दुखतंय त्याचं," ती म्हणाली. "रोज गोळ्या खातोय."

शंकासुर धावतच आगारात परतला. मेहुणा बसखालच्या खड्ड्यात उभा राहून नट आवळत होता. वाढलेला रक्तदाब आपला आहे हे ऐकून तो हसला.

"दाजी, सगळी बनवाबनवी आहे असं तुम्हीच म्हणालात ना? कार्टून बघून कोणी दवाखान्यात जातं का?"

लोकांच्या मनात शंका घालण्यात शंकासुराचा हात कोणी धरला नसता, पण विश्वास कसा बसवायचा हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला भीती वाटली, स्वतःची लाजही वाटली. त्याने मेहुण्याला दंडाला धरून वर ओढलं आणि तसंच सिस्टरपुढे नेलं. ती सामान आवरत होती. शेजारी साहेब उभे होते. ओळखपत्र दुसऱ्याला दिलं की नोकरीवर गदा येते, हे आगारात सगळ्यांना माहीत होतं.

"सिस्टर, मघाशी माझ्या नावावर हा बसला होता," शंकासुर म्हणाला. "वाढलेला रक्तदाब याचा आहे. याचा यंत्रावर विश्वास नाही. तो माझ्यामुळेच उडालाय. आधी माझा मोजा, याच्यासमोर."

साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. शंकासुराने तिकडे पाहिलंही नाही. त्याने बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. मेहुण्याने हातातला पाना खाली ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढून घेतली.