सगळ्याला एकच रिमोट

आमच्या घरात होम थिएटर चालू-बंद करायचा हक्क फक्त ह्यांचा आहे. मी त्याची धूळ पुसायची, दसऱ्याला पूजा करायची आणि ते वाजायला लागलं की दुसऱ्या खोलीत जायचं.

यंदाच्या दसऱ्याला ट्रॅक्टर, पाण्याची मोटर, शिलाई मशीन, सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. होम थिएटरलाही लावलं. त्याच्या मधोमध एक काळी गोल काच आहे, अगदी कपाळासारखी! तिथं ओलं कुंकू चांगलं ठसठशीत लावलं. (देवाला लावते त्याहून मोठं. देव काही बोलत नाही, हे बोलतात!)

दुसऱ्या दिवसापासून रिमोट चालेना. ह्यांनी सेल बदलले, रिमोट मांडीवर आपटला, मग म्हणाले, "मेला." आणि बारामतीहून सगळ्याला चालणारा नवा रिमोट घेऊन आले.

तो लावायला बसले ते नेमके माझ्या भावाच्या मुलाच्या बारशादिवशी. बारसं दुपारी, नरसिंहपूरला, माझ्या माहेरी. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं, आणि आत्या मी एकटीच! चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तेव्हा नुसतीच रडले होते. पण एवढ्याशा कानाची कसली भीती? भाकरी थापताना मी रोज म्हणून बघत होते, "रुद्र... रुद्र..."

सकाळीच नवी साडी नेसून, कुंची-टोपडं पिशवीत घालून मी दारात बसले.

"अवं, निघायचं न्हाय का?"

"दोन मिनिटं. एवढा रिमोट लावतो."

माहितगार म्हणून समोरच्या घरातले दत्तातात्या येऊन बसले होते. (तात्यांना स्वतःच्या मोबाइलचा गजर बंद करता येत नाही!) चालू-बंदचं बटण दाबून धरायचं, रिमोट आपोआप एकेक नंबर लावून बघतो, मशीन चालू झालं की पटकन बोट उचलायचं. एवढंच! ह्यांनी दाबून धरलं, टीव्ही बंद पडला. पुन्हा धरलं, टीव्हीखालचा डबा बंद पडला. समोरच्या घरातून तात्यांची बायको ओरडली, "आमची मालिका कोण बंद करतंय रं?" सगळी आळी ऐकत होती, एक होम थिएटर सोडून!

"मशीनवर बटण हाय की," मी म्हणाले. "उठून दाबलं तर?"

"मग रिमोट कशाला आणलाय?"

"सूनबाई, तू च्या टाक," तात्या म्हणाले. मग ह्यांना म्हणाले, "रिमोट त्याच्या डोळ्याला दाखवावा लागतोय. डोळा कुठं हाय त्येचा?"

"आसंल आत कुठंतरी."

चहाचे कप हातात घेऊन मी तिथंच थबकले. "अवं, त्या काचेवर कुंकू..."

"गप बस. माझं ध्यान जातंय."

"तात्या, त्या काचेवर मी कुंकू..."

"आसू दे सूनबाई. शुभ आसतंय!"

ह्यांनी मशीनच्या आवाजाचं चाक पुरं फिरवून ठेवलं, लागल्याचं लगेच कळावं म्हणून. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"आक्के, कुठवर आलाय?"

"निघतोय." (पिशवी दारात, नवरा जमिनीवर!)

"आगं, बायका खोळंबल्यात. आसं कर, फोन बाळाच्या कानाला लावतो. तितनंच सांग नाव."

आता एवढ्या लांबून आणि तात्यांच्या देखत! लाजून मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीला टेकून ते होम थिएटर.

"लावला बघ, आक्के. बोल."

तोंड उघडलं, पण शब्द येईना. मागं ह्यांचं बोट बटणावर, आणि डोळ्यांपुढं ते कुंकू! अशी चीड आली की एका हातात फोन तसाच धरून दुसऱ्या हातातल्या पदरानं ती काच खसाखसा पुसली.

"वेलकम! ब्लूटूथ मोड!"

मशीन असं ओरडलं की मांडणीवरची भांडी वाजली. फोनमधून बाळाचा टाहो आला, पाठोपाठ पाळण्याभोवतीच्या बायका ओरडल्या, "कुर्रर्र!" त्यांना वाटलं, नाव सांगून झालं! आणि फोन बंद पडला.

"लागला!" हे उडी मारून उठले. "बघ, धीर लागतोय माणसाला."

"म्हनलं न्हवतं व्हय, शुभ आसतंय?" तात्या म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा पंगती उठून गेल्या होत्या. नाव शेवटी बाळाच्या मावशीनं सांगितलं होतं, आत्याच्या मानाची साडीही तिच्याच अंगावर होती.

"आत्याबाईंनी फोनवरनं इंग्रजीत नाव ठेवलं!" भावजय म्हणाली. सगळ्या पोट धरून हसल्या. हेही हसले. न हसून सांगते कुणाला, म्हणून मीही हसले.

चौथीतून शाळा सुटलेली बाई मी. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं जन्मात एकदाच बोलले, तेही इंग्रजीत, आणि तेही मी बोललेच नव्हते!