काचेवरचे ठिपके

सुरगाण्याच्या स्टँडवर नाशिकची जीप भरत होती आणि आई, तू माझा दंड सोडला नव्हतास. "शिकलेल्या लोकांच्यात चाललीस. लय बोलू नको," एवढंच म्हणालीस. आठवीत शाळा सुटलेली मी, बोलणार तरी काय होते?

विद्यापीठ आणि एका कंपनीनं मिळून काढलेली ही लॅब. सोलरसाठी नव्या मालाचा पातळ थर काचेवर चढवायचा. त्यातून येणारी वीज साठवायच्या बॅटऱ्या शेजारच्या खोलीत. माझं काम काचा धुऊन पुढे द्यायचं. बागेत मण्यावरची पांढरट लव पुसू नये म्हणून आपण द्राक्षाचा घड देठानं धरतो ना, तशी काच कडेनं धरायची. एवढं एक मला आधीच येत होतं.

खंडेनवमीला तुम्ही तिकडे कोयते-विळे पुजले असतील. मी लवकर जाऊन थर चढवायच्या मशीनवर हळदीकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, मग सगळं पुसून घेतलं. कुणाला विचारलं नाही.

दसऱ्यानंतर प्रत्येक काचेवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. कंपनीचे सर म्हणायचे, तुमचं रसायन खराब. विद्यापीठाच्या मॅडम म्हणायच्या, तुमच्या काचा खराब. आठ दिवसांनी दोघं काम बंद करायचं बोलू लागले. मला शंका आली होती, पण तोंड उघडेना. सांगितलं तर माझी नोकरी जाणार, नाही सांगितलं तर सगळ्यांचीच.

चहाच्या वेळी पूजेचं सांगून टाकलं. सरांनी मशीनच्या पंख्याची जाळी उघडली. आत लाल भुकटी.

"ताई, आठ दिवस मी काचवाल्याशी भांडतोय," सर म्हणाले.

"आणि माझ्याशी भांडलात ते?" मॅडमनी विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पूजा दाराबाहेर. आणि मला बोलवायचं."

जाळी बदलली. दुसऱ्या दिवशी काचा स्वच्छ निघाल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, कुणी ओरडलं नाही म्हणून.

त्या शनिवारी वॉचमनकाकांनी नेहमीसारखं विचारलं, "काय, गावाला?"

"नाय काका, घरी," मी म्हणाले आणि माझ्या सातपूरच्या भाड्याच्या खोलीकडे निघाले. अर्ध्या वाटेत कळलं काय बोलले ते.

आई, राग मानू नको. इतके दिवस इथून कधी हाकलतील या धाकानं दर शनिवारी तिकडे पळत यायचे. आता यावंसं वाटेल तेव्हा येईन.